मूत्रपरीक्षा आणि शौचधर्म

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातील आचारनियमांत मलमूत्राकडे निरखून पाहू नये असा एक नियम आहे, आणि पाचव्या अध्यायात मनुष्यदेहाचे जे बारा मल गणले आहेत त्यांत रक्त, अश्रू आणि स्वेद यांच्या पंक्तीला मूत्रही बसविले आहे. उलट चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगताना त्यांतील बहुतेकांची ओळख मूत्राचा वर्ण, गंध, स्पर्श आणि दाटपणा यांवरून पटविली, आणि योगरत्नाकराने तर रोग्याच्या अष्टविध परीक्षेत नाडीच्या पाठोपाठ मूत्रालाच स्थान दिले. एकाच परंपरेतील एका शास्त्राने ‘पाहू नको’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘नीट पाहा’ म्हणावे, हा विरोध मुळातला आहे की वरवरचा, याचा निकाल लावल्याखेरीज आपल्या धर्मनिष्ठ घरांतून आजही जीव घेणारी एक भीड मोडणार नाही, असे मला मनापासून वाटते.

माझ्या मते हा विरोध वरवरचा आहे. मनूचा नियम सदाचाराचा आहे. माणसाने आपल्या विसर्गात रमू नये, चारचौघांत मर्यादा सांभाळावी, एवढाच त्याचा रोख. रक्त जोवर धमन्यांतून वाहते तोवर त्याला कोणी अशुची म्हणत नाही. देहाबाहेर पडताक्षणी ते मल ठरते. याचा अर्थ अशौच हे त्या द्रव्याच्या स्वभावात नसून त्याच्या स्थानात आणि आपल्याशी होणाऱ्या संसर्गात आहे, आणि म्हणूनच माती व पाणी यांनी त्याचा परिहार होतो. स्पर्शाला जे प्रायश्चित्त सांगितले ते ज्ञानाला लागू करण्याचा अधिकार कोणत्याही स्मृतिकाराने आपल्याला दिलेला नाही. शौचाच्या अभ्यासातून स्वतःच्या अंगाविषयी जुगुप्सा उपजते असे पतंजलीने सांगितले खरे. परंतु योग्याची ती जुगुप्सा देहाचे स्वरूप डोळे उघडे ठेवून पाहिल्यानंतरची असते, आणि आपली किळस न पाहताच आलेली असते. समर्थांनी तर दासबोधाच्या पहिल्याच दशकात नरदेहाचे स्तवन केले आणि तिसऱ्या दशकाच्या आरंभी त्याच देहाच्या जन्माची ओंगळ कथा काही एक न लपविता सांगितली. स्तुती करणाऱ्याला वस्तुस्थितीकडे पाठ फिरवावी लागली नाही.

शिवाय ज्याला आपण मल म्हणून नाक मुरडतो त्याची कुळकथा पाहावी. आपली दोन मूत्रपिंडे अहोरात्रात सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात, त्यातील बहुतेक सारे पुन्हा रक्ताला परत करतात, आणि लिटर-दोन लिटर एवढेच बाहेर टाकतात. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. ती मोडली म्हणजे तिच्यातील रंगद्रव्याचे रूपांतर होत होत त्याचा काही अंश लघवीला तिचा नेहमीचा पिवळेपणा देतो. हा पिवळेपणा, म्हणजे, आपल्याच रक्ताचा शेष होय. देहाच्या दप्तरातील ही रोजकीर्द दररोज आपल्यासमोर उघडी होते, आणि आपण ती न वाचता पाणी ओततो.

मात्र वाचणाराला अनुमानाचे नियम ठाऊक हवेत. धुरावरून अग्नी ओळखण्याचा दृष्टांत देणाऱ्या नैयायिकांनीच बजावून ठेवले आहे की हेतू व्यभिचारी असेल, म्हणजे साध्याविनाही आढळत असेल, तर अनुमान फसते. लघवी तांबडी दिसली म्हणजे रक्तच असेल असे नाही. बीट खाल्ल्यानंतर काहींची लघवी तांबूस होते, क्षयावरील रिफँपिसिनने ती नारिंगी होते, आणि केवळ त्या भयाने औषध मध्येच सोडणारा रोगी रोगाला बळ देतो. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी ती झगझगीत पिवळी होते, उन्हातान्हात पाणी न पिता राबणाऱ्याची गडद होते, पाणी पोटात गेले की पुन्हा फिकी पडते. ही सारी निरुपद्रवी कारणे आधी तपासावीत. पण ती सापडली नाहीत तर मनाची समजूत घालीत बसू नये. पाठीत कळा येऊन रक्त गेले तर मुतखड्याची शंका घेऊन माणूस धावत वैद्याकडे जातो; पण चाळिशी ओलांडलेल्या आणि विड्या ओढणाऱ्या गृहस्थाला कसलीही वेदना नसता एकदाच रक्त जाते, पुढे महिनाभर लघवी स्वच्छ राहते, आणि तो ‘उष्णता होती, गेली’ म्हणून निश्चिंत होतो. मूत्राशयाचा कर्करोग पुष्कळदा असाच वेदनेवाचून प्रकट होतो. वेदना नसणे ही अभयपत्रिका नव्हे, हे मला येथे जितक्या कळकळीने सांगता येईल तितके सांगावयाचे आहे.

मुलाचा घसा दुखून गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याची लघवी चहासारखी काळसर झाली आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली, तर मूत्रपिंडांचा दाह झालेला असू शकतो. डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौचाला पांढुरके होत असेल तर पित्ताची वाट अडली आहे असे समजावे. अशा वेळी गळ्यात माळ घालून कावीळ उतरविण्यात जे दिवस जातात ते परत मिळत नाहीत. वर्षानुवर्षे मधुमेह वा रक्तदाब असलेल्याच्या लघवीला रोज फेस येऊन तो लवकर विरत नसेल तर त्यातून प्रथिने जात असण्याचा संभव आहे. लघवी गढूळ, दुर्गंधी, जळजळ आणि ताप ही एकत्र आली तर ती नुसती उन्हाळी नव्हे, जंतूंचा उपद्रव आहे. पूर्व विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या मुलखात दुधासारखी लघवी होणे हेही त्याच रोगाचे रूप असू शकते. टिमथी लुईस यांनी कलकत्त्यास १८७२ साली माणसाच्या रक्तात त्या रोगाचे सूक्ष्म कृमी पाहिले, त्याआधी ते त्यांना अशाच दुधाळ मूत्रात आढळले होते. आणि पाण्यासारखी निर्मळ लघवी वारंवार होऊन तहान शमत नसेल तर तिच्या निर्मळपणाने फसू नये. मूत्राकडे मुंग्या धावणे हे प्रमेहाचे पूर्वरूप म्हणून चरकाने केव्हाच नोंदवून ठेवले आहे.

या विद्येचा अतिरेकही झाला. युरोपात कित्येक शतके रोग्याचे तोंडही न पाहता केवळ काचेच्या कुपीतील मूत्रावरून भविष्य सांगणारे वैद्य माजले होते, आणि १६३७ साली टॉमस ब्रायन या इंग्रज वैद्याला त्यांच्या ढोंगावर एक पुस्तकच लिहावे लागले. लक्षणावरून शंका घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, निर्णय देण्याचा नाही. निर्णयासाठी मूत्राची आणि रक्ताची रीतसर तपासणी हवी.

परंतु आपल्याकडील खरा अपराध अतिरेकाचा नाही, मौनाचा आहे. वडील माणसे सुनेपुढे, मुलापुढे हा विषय काढीत नाहीत. स्त्रिया तर बाहेर आडोसा मिळणार नाही या धास्तीने दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत, लघवी तुंबवून ठेवतात आणि जळजळ होऊ लागली तरी ती निमूटपणे सोसतात. या सोसण्याला कोणी सोवळेपणाचे नाव देऊ नये. ज्या घरात देवपूजेच्या शुचितेची इतकी काळजी वाहिली जाते त्या घरातील कर्त्या माणसाने आपल्या आईला आणि पत्नीला लघवीचा काही त्रास आहे का, हे संकोच सोडून विचारावे, आणि स्वतःला असे काही दिसले तर त्याच आठवड्यात वैद्याकडे जावे, एवढी माझी विनंती आहे.