अठरा हात आणि ३०९ धावा

वणीच्या सप्तशृंगीला अठरा हात आहेत, दोन्ही अंगांना नऊ-नऊ, आणि त्या हातांतली आयुधं तिला देवांनी दिलेली आहेत. ही कथा मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात येते. मार्कंडेय ऋषींचा डोंगर गडाच्या समोरच उभा आहे; देवीची मान किंचित कललेली आहे ती त्यांचं पठण ऐकण्यासाठी, अशी इकडची श्रद्धा. महिषासुराने देवांना स्वर्गातून हुसकावून लावलं. हरलेल्या देवांच्या अंगातून तेज बाहेर पडलं आणि त्या तेजाची मिळून देवी झाली: शंकराच्या तेजाचं मुख, विष्णूच्या तेजाचे बाहू, यमाच्या तेजाचे केस. मग शंकराने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, इंद्राने वज्र, वरुणाने शंख आणि पाश, हिमालयाने वाहन म्हणून सिंह. समुद्राने दागिने आणि कमळांची माळ दिली, कुबेराने पानपात्र. एवढं देऊन झाल्यावर रणात उतरली ती देवी. देवांनी तिचा जयजयकार केला. तेव्हा एकाने सगळ्यांचा भार वाहिला, तर पराक्रम कुणाचा म्हणायचा? आणि भार वाहूनही हार पदरी आली, तर ती कुणाची? पुराणात देवी जिंकते, म्हणून दुसरा प्रश्न तिथे उठतच नाही. खेळाच्या मैदानावर मात्र दोन्ही प्रश्न टाळता येत नाहीत, कारण तिथे कोणी किती वाहिलं याचा हिशेब धावफलकावर मांडलेला असतो.

असा सर्वांत लख्ख हिशेब मराठी माणसाच्या नावावर आहे. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. समोर होता ‘रेस्ट’ संघ. तो पहिल्या डावात १३३ धावांत गारद झाला, आणि त्यांतल्या ५९ सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांच्या. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि एकट्या हजारेंच्या ३०९. उरलेल्या सगळ्यांच्या आणि अवांतर मिळून ७८. तरीही रेस्ट संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. या डावाची आठवण निघाली की ‘एकटा लढला’ हे दोन शब्द हमखास येतात. ते खरे आहेत, पण अर्धेच खरे आहेत, असं माझं म्हणणं आहे.

त्या डावात ३०० धावांची एक भागीदारी झाली. हजारेंच्या जोडीला त्यांचे धाकटे भाऊ विवेक हजारे होते आणि ३०० पैकी विवेक यांच्या धावा २१. आकडा पाहून हसू येईल, पण क्षणभर त्या टोकाला उभं राहून पाहावं. धावा जमत नाहीत, समोर भाऊ इतिहास घडवतोय, आणि आपलं काम एकच: बाद व्हायचं नाही, आणि जमेल तेव्हा एक धाव काढून फलंदाजी त्याच्या हाती द्यायची. फटका मारून नाव कमवावं असा मोह अशा वेळी होत नसेल असं कोण म्हणेल? हे काम कुणालाही जमलं असतं हेही खरं नाही. तोच संघ आदल्या डावात १३३ वर कोसळला होता. कुबेराने चक्र दिलं नाही, कारण चक्र त्याच्याकडे नव्हतं. त्याच्याकडे पानपात्र होतं, ते त्याने दिलं, आणि पुराणाने ते चक्राच्या शेजारी नोंदवून ठेवलं. विवेक यांच्या २१ धावा त्या पानपात्राच्या जागी आहेत. भार वाहणारा थोर खराच, पण त्याचं वाहणं आणि इतरांचं सोपवणं ही एकच कृती आहे. ज्याने जवळ होतं ते सगळं दिलं, त्याला दुबळा म्हणण्याचा अधिकार धावफलकाला नाही. चेन्नईत १९९९ साली पाकिस्तानविरुद्ध सचिनने १३६ धावा केल्या, तो बाद झाल्यावर उरलेले तीन गडी चार धावांत गेले आणि भारत १२ धावांनी हरला, हे घराघरांत पाठ आहे. पाच बाद ८२ पासून त्याच्या सोबत १३६ धावांची भागी रचणारा आणि त्यात ५२ धावा करणारा नयन मोंगिया मात्र कुणाला आठवत नाही. हा विसर मला अन्याय वाटतो.

यावर पहिला आक्षेप देवीमाहात्म्यातच आहे, आणि तो शुंभाच्या तोंडी आहे. दुसऱ्यांच्या बळावर लढतेस आणि गर्व कसला करतेस, असं तो देवीला हिणवतो. देवी उत्तर देते की या जगात मी एकटीच आहे, या सगळ्या माझ्याच विभूती. आणि सोबत लढणाऱ्या मातृका तिच्यात लीन होतात. मग देणारे देव आणि घेणारी देवी हा भेदच उरत नाही, माझी मांडणी कोसळते, असं कुणी म्हणेल. पण हे उत्तर देण्याचा अधिकार फक्त तिचा आहे. सगळं माझंच, हे आदिशक्ती म्हणाली तर ते सत्य असतं. माणूस म्हणाला तर तो शुंभाच्याच पंगतीला बसतो. माणसाच्या हातातलं बळ कुणाच्या तरी देण्यातून आलेलं असतं: आईबापांच्या, गुरूच्या, समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या भावाच्या. गीतेतला अर्जुन निमित्तमात्र होतो, त्याचं बळ त्यामुळे घटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. देवी जिंकली म्हणून देवांच्या देण्याचं चीज झालं. हजारे हरले, मग काय उरलं? फळाची आशा धरू नये, हे हरलेल्यांचं समाधान तर नव्हे? टिळकांनी गीतारहस्यात कर्मयोग मांडला तो हातपाय गाळून बसणाऱ्यांसाठी नव्हता. आसक्ती सोडायची म्हणजे प्रयत्नात कसर ठेवायची असं त्यात कुठेही नाही. फळ आणि कर्म वेगळे तोलता येतात, हे खेळालाही अधूनमधून उमगतं. अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेत १९६९ साली जेरी वेस्टचा लेकर्स संघ हरला, तरी मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं गेलं. तो मान हरलेल्या संघातल्या खेळाडूला आजवर त्या एकदाच मिळाला आहे. २०१५ मध्ये कायरी अर्विंग आणि केव्हिन लव्ह दोघेही जायबंदी झाल्यावर लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलँडचा संघ ओढला, सामन्यामागे सरासरी ३५.८ गुण मिळवले आणि मालिका ४-२ अशी गमावली. मान गेला विजेत्यांच्या आंद्रे इग्वोडालाकडे, ७ विरुद्ध ४ मतांनी. इग्वोडालाने लेब्रॉनला रोखण्यासाठी जिवाचं रान केलं होतं, म्हणून त्या निवडीला मी चूक म्हणणार नाही. पण वेस्टला जे दिलं गेलं, तो न्याय खोलवरचा होता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो बाबासाहेबांचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावलं की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली विभूतिपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडेच नेते. एकावर भार टाकण्याची सवय लागली की उरलेले निर्धास्त होतात. हे मी पूर्ण मान्य करतो, आणि देवीमाहात्म्यातली एक जागा मलाही खटकते: विजयानंतर देव तिच्याकडे वर मागतात, तो पुन्हा संकट आलं की तू धावून ये, असा. पण कथेचा क्रमही पाहायला हवा. तेज आधी दिलं गेलं, देवी नंतर प्रकटली. हातात काही न देता नुसता जयजयकार करणाऱ्यांची गोष्ट ही नाही. बाबासाहेबांचा इशारा त्या दुसऱ्या प्रकाराला लागू पडतो, आणि तो प्रकार आपल्याकडे उदंड आहे.

राहिला प्रश्न संघ दुबळा का होता याचा. पूर्वकर्म, प्राक्तन, ज्याचं त्याचं नशीब, असं म्हणून हा प्रश्न मिटवण्याची आपल्याला फार सवय आहे. रेस्ट संघाचं दुबळेपण नशिबाचं नव्हतं. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन यांचे संघ ठरल्यावर जे कुठेच बसत नव्हते, त्या ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध खेळाडूंना १९३७ पासून या एका संघात गोळा केलं गेलं. हजारे मराठी ख्रिस्ती, म्हणून ते तिथे. एकीकडे कोट्यवधींतून निवडलेले अकरा, दुसरीकडे उरल्यासुरल्यांतून. धर्माच्या रेषा आखून खेळवलेल्या या स्पर्धेला गांधीजींनी १९४० मध्ये उघड विरोध केला होता, आणि १९४६ नंतर ती बंद पडली. जो भार हजारेंनी वाहिला, त्यातला मोठा वाटा माणसांनी आखलेल्या रेषांचा होता. एकट्याच्या पराक्रमाचं कौतुक करताना हे झाकलं गेलं, तर ते कौतुक अन्यायाची पाठराखण करतं.

त्या रेषा पुसल्यावर काय झालं तेही नोंदलेलं आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवून पहिला कसोटी विजय मिळवला. विनू मंकडने सामन्यात १२ बळी घेतले, पंकज रॉयने १११ आणि पॉली उम्रीगरने नाबाद १३० धावा केल्या. कर्णधार विजय हजारे होते, आणि त्यांच्या धावा झाल्या २०.