घामाचे दाम कोणाच्या खात्यात?

पावसाळ्यात बालाघाटहून वारासिवनी-कटंगीकडे निघालं की बांध्याबांध्यांत वाकलेल्या बाया दिसतात. पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या आणि घोटाभर चिखलात एकेक पाऊल मागे सरकत दिवसभर रोवणी करायची. आषाढ सरेपर्यंत पायांना चिखल्या होतात, कंबर धरते. तेच धान हिवाळ्यात खरेदी केंद्रावर पोहोचतं. पंजीयन मात्र नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर होतं, कारण जमीन त्यांची. धानाच्या पैशांचा चुकाराही त्यांच्याच खात्यात जमा होतो. यात नियम कोणीच मोडलेला नाही, आणि तरीही हा अन्याय आहे.

धानाच्या भावासाठी आपण भांडतो, भांडलंच पाहिजे. 2025-26 च्या हंगामाला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये ठरला. 2023 च्या विधानसभा निवडणुकीत मध्य प्रदेशात 3100 चं वचन दिलं गेलं होतं. त्या वचनाची आठवण करून देणं हा आपला हक्क आहे. पण सरकारकडे घामाचे दाम मागणाऱ्याने घरात ते दाम कोणाच्या हाती पडतात, हेही बघायला हवं.

शेतकऱ्यांच्या चळवळीचा उगम पाहिला तर हा विचार नवा नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो सावकार आणि सरकारी कामगारांवर चालवला हे सगळे सांगतात. त्याच पुस्तकात शेतकऱ्याने एकीपेक्षा जास्त बायका करू नयेत, मुलामुलींची लहानपणी लग्नं लावू नयेत, असंही त्यांनी मांडलं, हे फारसं कोणी सांगत नाही. बाहेरच्या लुटीविरुद्ध उभं राहायचं आणि घरातलंही दुरुस्त करायचं, ही दोन्ही कामं त्यांनी एकाच दमात सांगितली.

पुढे शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले. कष्ट, बियाणं, खत यांचा नीट हिशेब मांडला, तेव्हा शेती तोट्याची का, हे त्यांना कळलं. त्या हिशेबातून चाकणचं कांदा आंदोलन उभं राहिलं, 1979 मध्ये शेतकरी संघटना जन्मली आणि 1980 मध्ये नाशिककडे ऊस-कांद्यासाठी शेतकरी रस्त्यावर आणि रुळांवर बसला. एवढ्यावर थांबले असते तरी जोशींचं नाव राहिलं असतं. पण नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला संघटनेने शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि गावोगावच्या बाया तिथे लोटल्या. त्यातूनच पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ निघाली: नवऱ्याने आपल्या जमिनीचा वाटा स्वखुशीने बायकोच्या नावे करून द्यायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. ज्यांनी सरकारकडे देणं मागितलं, त्यांनी आपल्या घरातलंही देणं फेडलं. त्या चळवळीतलं माझ्या मते हे सर्वांत मोठं काम.

आपल्याकडे हे बोललं की उत्तर ठरलेलं: घर एकच, नाव कोणाचंही असलं तर काय बिघडतं? काहीच बिघडत नसेल तर तिचं नाव चढवायला अडचण कसली? आणि बिघडतं, पुष्कळ बिघडतं. नवरा दारूपायी बांधी गहाण टाकतो तेव्हा तिला विचारायचं कारण कोणालाच पडत नाही. तो गेला की तीच बाई दिराच्या दयेवर राहते आणि पटवाऱ्याकडे चकरा मारते. तिच्या नावे तुकडा नसेल तर पीककर्ज आणि गारपिटीची मदत तिच्यापर्यंत पोहोचत नाही. उभा जन्म शेतात काढूनही कागदावर ती शेतकरी नसते.

आपल्या राज्याच्या भू-राजस्व संहितेत भूमिस्वामीच्या हयातीतच वारसांमध्ये जमिनीची वाटणी करून देण्याची सोय आहे. 2005 पासून हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तरी राखीला आलेल्या बहिणीकडून हक्कसोडीच्या कागदावर सही घेणारे भाऊ आपल्यात आहेत, आणि ते किसान मोर्चातही पुढे असतात. त्यांना गावातल्या माणसांनीच टोकलं पाहिजे.

लांजी, किरनापूर, खैरलांजीच्या शेतकरी कार्यकर्त्यांकडे माझी मागणी आहे. भावासाठी निवेदन द्यायला तहसीलवर जाल, त्याच दिवशी आपापल्या घरच्या वाटणीचा अर्जही सोबत न्या. पुढाऱ्यांनी आधी स्वतःचा द्यावा. आणि पुढच्या हंगामात खरेदी केंद्रावर पंजीयन होईल, तेव्हा निदान काही एकरांचं धान घरच्या बाईच्या नावावर आणि चुकारा तिच्या खात्यात जाऊ द्या.