नरकाचा निवाडा कोणी करावा?

यावल तालुका केळी-कापसाचा. अवकाळी गारपीट, पडलेले भाव आणि वाढते कर्ज यांनी खचून जळगाव जिल्ह्यात कित्येक शेतकऱ्यांनी आपले जीवन संपविले आहे. ख्रिस्ती घरावर असा घाला आला, की सांत्वनास आलेल्यांपैकी कोणीतरी कुजबुजतो, ‘आता त्याला नरकच!’ ते विधवेच्या कानी पडते. हे खरे आहे काय?

आत्महत्या हे गंभीर पाप होय, ही ख्रिस्तसभेची शिकवण आजही कायम आहे. १९१७ च्या धर्मकायद्याने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या कायद्यात ती तरतूद उरली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने सांगितले, की तीव्र मनोव्यथा वा भय यांमुळे माणसाची जबाबदारी उणी होते. अशांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये.

मग नरक नाही काय? आहे. परंतु देव कोणास तेथे लोटीत नाही. त्याचे प्रेम समजून उमजून, अखेरपर्यंत नाकारणे, हाच नरक. कर्जाने पिचलेला जीव देवाला नाकारीत होता की असह्य दुःखाला, हे अंतर्यामी परमेश्वरच जाणे. ख्रिस्तसभेने अनेकांना संत म्हणून घोषित केले. अमुक मनुष्य नरकात आहे, असे मात्र कोणाविषयीही घोषित केलेले नाही.

२ नोव्हेंबरच्या मिस्सामध्ये अशा मृतांचेही स्मरण करू या. नरकाचे भय बाळगायचेच, तर स्वतःसाठी बाळगावे. लूककृत शुभवर्तमानातील श्रीमंताला दारी पडलेला लाजरस दिसला नाही. आपल्या दाराशी खचलेला शेजारी आज जिवंत आहे.