क्रूसापाशी थांबलेली कथा

'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हे संगीतनाट्य येशूच्या क्रूसावरील मृत्यूनंतर संपते. पुनरुत्थान त्यात नाही. १९७१ साली ते ब्रॉडवेवर आले तेव्हा नाट्यगृहाबाहेर निदर्शने झाली. पुढे १ एप्रिल २०१८ रोजी, नेमक्या ईस्टरच्या रविवारी, अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने ब्रुकलिनमधल्या प्रेक्षकांसमोरचा त्याचा प्रयोग थेट दाखवला. येशूच्या भूमिकेत गायक जॉन लेजंड होते.

पुनरुत्थान न सांगणे म्हणजे ते नाकारणे काय, हा इथला खरा प्रश्न. श्रद्धावंताच्या दृष्टीने रिकाम्या थडग्याविना क्रूस हा निव्वळ पराभव, आणि ईस्टरच्या दिवशी तर ती उणीव अधिकच बोचते. पण संगीतकार बाखची 'सेंट मॅथ्यू पॅशन' ही रचनाही येशूच्या दफनापाशीच थांबते, आणि तिला कोणी पाखंड म्हणत नाही. फरक असा की ती शुभ शुक्रवारच्या उपासनेसाठी रचली होती. पुढचा रविवार श्रोत्यांच्या मनात ठरलेलाच होता. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांत अशी सामायिक श्रद्धा गृहीत धरता येत नाही.

एनबीसीच्या या प्रयोगाच्या शेवटी क्रूस प्रखर प्रकाशात मागे सरकत दिसेनासा होतो. श्रद्धावंताला त्यात पुनरुत्थान दिसू शकते, इतरांना केवळ सुंदर नेपथ्य. दोन्ही वाचने प्रामाणिक आहेत. टाळ्यांचा प्रश्न मात्र अधिक अवघड: येशूच्या प्रवेशाला होणारा जल्लोष गायकासाठी असतो की येशूसाठी, हे टाळी वाजवणाऱ्यालाही वेगळे करता येत नाही. जयजयकार करणारा जमाव पुढे उलटतो, हेच तर नाटकाचे कथानक आहे.