विचाराला पगार हवा

इचलकरंजीत वाढलेले आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेले सुभाष खोत २००२ साली प्रिन्स्टनला पीएच.डी. करत होते. त्या वर्षी त्यांनी एक अटकळ मांडली. ‘युनिक गेम्स कंजेक्चर’ या नावाने ती आज सैद्धांतिक संगणकशास्त्रात सर्वांच्या तोंडी आहे. २०१४ साली खोतांना नेवनलिना पारितोषिक मिळालं ते मुख्यतः तिच्यासाठी. ती अजून सिद्ध झालेली नाही आणि खोटीही ठरलेली नाही.

कागदावर ठिपके काढा, त्यातले काही रेघांनी जोडा. प्रत्येक ठिपक्याला ठरावीक रंगांपैकी एक रंग द्यायचा आहे. प्रत्येक रेघेचा एक नियम आहे: या टोकाला लाल असेल तर त्या टोकाला हिरवाच, इथे पिवळा तर तिथे निळाच. सगळे नियम पाळता येत असतील तर काम सोपं आहे. एका ठिपक्याचा रंग ठरला की शेजाऱ्याचा ठरतो, मग त्याच्या शेजाऱ्याचा. पहिल्या ठिपक्याला एकेक रंग देऊन पाहिला की उत्तर हाती येतं. पण शंभरातला एखादा नियम मोडणारच असेल, तर तो कोणता हे माहीत नसल्याने हा हिशेब कुठेही चुकू शकतो. खोतांची अटकळ अशी की रंग पुरेसे असतील तर नव्याण्णव टक्के नियम पाळता येतील की जेमतेम एक टक्का, एवढं ओळखणंसुद्धा कोणत्याही वेगवान पद्धतीला जमणार नाही.

याचा उपयोग काय? जाळ्यातल्या ठिपक्यांचे दोन गट असे पाडायचे की जास्तीत जास्त रेघा एका गटातून दुसऱ्या गटात जाव्यात, हा जुना प्रश्न आहे. गोमन्स आणि विल्यमसन यांची १९९५ साली प्रसिद्ध झालेली पद्धत सर्वोत्तम उत्तराच्या सुमारे ८७.८ टक्क्यांपर्यंत नेते. अटकळ खरी असेल तर त्यापुढे नेणारी वेगवान पद्धत शोधणं व्यर्थ आहे. कुठवर जाता येतं हे आधी कळणं ही फार मोलाची गोष्ट आहे. २०१८ साली खोत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटकळीच्या जवळचं एक विधान सिद्ध केलं. निम्मी वाट सरली, असं जाणकार मानतात. त्याला १६ वर्षं लागली.

या कामाला महागडी यंत्रं लागत नाहीत. फळा, ग्रंथालय, जाणत्या माणसांना भेटण्यासाठी प्रवास आणि पगार एवढं पुरतं. खोतांच्या वाटेवर तो कुणी दिला ते पाहण्यासारखं आहे. पीएच.डी.नंतर ते प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीत होते. न्यूअर्कमध्ये मोठं दुकान चालवलेले लुई बँबर्गर आणि त्यांची बहीण कॅरोलाइन फुल्ड यांच्या ५० लाख डॉलरच्या देणगीतून १९३० साली ती उभी राहिली. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांना ज्युलियस सिल्व्हर यांच्या नावाचं अध्यासन मिळालं. या देणगीदारांनी कोणताही सिद्धांत मागितला नव्हता. त्यांनी माणसाला वेळ दिला.

असं काम भारतातही होतं. मूळ संख्या ओळखण्याची वेगवान, खात्रीची पद्धत कानपूरच्या आयआयटीत २००२ सालीच सापडली, मणींद्र अग्रवाल आणि त्यांच्या दोन तरुण विद्यार्थ्यांना. तरी आपल्याकडे पैसा बहुधा प्रकल्पाला मिळतो: तीन वर्षांची मुदत, टप्पे, अपेक्षित फलित. ज्याला उत्तर आहे की नाही हेच माहीत नाही, त्याने फलिताच्या रकान्यात काय लिहावं? २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये योजले आहेत, त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. हा पैसा देणाऱ्याला लवकर परतावा हवासा वाटणार. म्हणूनच काही निधी मुद्दाम बाजूला काढायला हवा.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी एक लाख रुपयांचं वचन दिलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली काम सुरू झालं आणि १९६६ साली पूर्ण झालं. मुख्य संपादक सुकथनकर १९४३ साली गेले, औंध संस्थान १९४८ साली विलीन झालं, तरी पोथ्यांचे पाठ जुळवणं थांबलं नाही.

आज कुणी पाच कोटींचा कायम निधी ठेवला आणि सहा टक्के व्याज धरलं, तर वर्षाला ३० लाख येतात. त्यात एका तरुण संशोधकाचं वेतन आणि प्रवास भागवून उरलेली रक्कम मुद्दलात टाकता येईल, म्हणजे महागाईने निधी कमी झिजेल.

पाच वर्षांत काहीच निघालं नाही तर? असंही होईल, आणि ते देणाऱ्याने आधीच मान्य करायला हवं. कठोर व्हायचं ते निवडीच्या वेळी. देणगीपत्रात तीन अटी पुरेत: निवड त्या विषयातल्या जाणत्यांनी करावी, निवडलेल्या माणसाने शिकवावं आणि दरवर्षी खुलं व्याख्यान देऊन सुटलेलं आणि अडलेलं दोन्ही सांगावं, आणि पाच वर्षं त्याच्याकडे फलित मागू नये. यातली तिसरी अट पाळणं सर्वांत अवघड आहे, आणि तिच्याशिवाय पहिल्या दोन निरर्थक आहेत.