यंत्राने मान्य केले म्हणजे हलाल झाले काय?

प्रश्न केवळ एका डॉलरचा आहे. परंतु ईमानाची कसोटी पुष्कळदा अशाच लहान रकमेवर लागते. अमेरिकेत स्थायिक झालेले आपले अनेक आप्तेष्ट तेथील किराणा दुकानांत कूपने वापरून खरेदी करतात. वर्तमानपत्रातून कापलेले कागदी कूपन दिले की तेवढी रक्कम बिलातून वजा होते. आता हीच सूट मोबाइलमधील ॲपवरही मिळते.

ही कूपने दोन प्रकारची असतात. काही दुकानाची स्वतःची असतात, तर काही वस्तूच्या उत्पादकाची. उत्पादकाच्या कूपनाची रक्कम दुकानदार आधी आपल्या पदरची सोडतो आणि नंतर उत्पादकाकडून वसूल करतो. म्हणूनच एका नगावर उत्पादकाचे एकच कूपन चालावे, असा सर्वसाधारण नियम आहे. डिजिटल कूपने नवीन होती तेव्हा काही दुकानांत एकाच वस्तूवर कागदी आणि डिजिटल अशी दोन्ही चालून जात. पुढे नियम बदलले. डिजिटल कूपन हेही उत्पादकाचेच कूपन असल्याने त्याच नगावर कागदी कूपन लागू होणार नाही, असे दुकानांनी स्पष्ट केले. जेथे दुकानाची स्वतःची सवलत आणि उत्पादकाचे एक कूपन एकत्र घेण्याची मुभा आहे, तेथे ती घेण्यात काहीच गैर नाही. देणाऱ्याने खुशीने दिलेली सूट घेणे ही काटकसर आहे, आणि काटकसर इस्लामला प्रिय आहे.

परंतु यंत्र कधी चुकते. चार डॉलरच्या डब्यावर एक डॉलर ॲपमधून वजा होतो आणि त्याच डब्यावर कागदी कूपनाचाही एक डॉलर वजा होतो. नियम ठाऊक असलेला ग्राहक मनाशी म्हणतो, ‘मी काही लपवले नाही, यंत्रानेच मान्य केले.’ ही सबब अल्लाहच्या दरबारी टिकेल काय?

दिव्य कुरआनच्या सूरह अन्-निसाच्या 29व्या आयतीत एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई असून परस्पर संमतीने होणारा व्यापार वैध ठरविला आहे. येथे संमती हा कळीचा शब्द आहे. संमती माणूस देतो. यंत्र केवळ हिशेब करते. दुकानदाराची संमती त्याने जाहीर केलेल्या नियमात आहे, यंत्राच्या चुकीत नाही. दुसऱ्या कूपनाची रक्कम उत्पादकाने नाकारली, तर तो भुर्दंड दुकानदारावरच पडतो.

आता सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या आरंभीच्या आयती आठवा. लोकांकडून घेताना माप पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे यांच्या विनाशाची घोषणा तेथे आहे. आपण त्या आयती नेहमी दुकानदाराला ऐकवतो. पण तराजूला दोन पारडी असतात. बिलात एक डॉलर जास्त लागला, तर आपण तत्काळ रोखपालाकडे परत जातो. एक डॉलर कमी लागला, तर मुकाट्याने पिशवी उचलतो. मग घेताना पुरेपूर घेणारा आणि देताना कमी देणारा कोण ठरला?

कोणी म्हणेल, ‘एवढ्या मोठ्या कंपनीला एका डॉलरने काय फरक पडतो? शिवाय ती मुस्लिमांची थोडीच आहे?’ हिजरतच्या रात्री पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हजरत अली (रजि.) यांना मक्केत मागे ठेवले, ते लोकांच्या अनामती परत करण्यासाठी. त्या अनामती ठेवणाऱ्यांत त्यांच्या संदेशाचे विरोधकही होते. अमानत पाळताना त्यांनी समोरच्याचा धर्म पाहिला नाही, वैरही पाहिले नाही.

मात्र या न्यायाचे ओझे एकट्या ग्राहकावर नाही. बुखारी व मुस्लिम यांनी नोंदविलेल्या हदीसचा आशय असा की, विकणारा आणि घेणारा दोघेही खरे बोलले व त्यांनी दोष उघड केले, तर त्यांच्या व्यवहारात बरकत असते. म्हणून दुकानदारानेही नियम आधी ठळकपणे सांगावेत आणि दिलेल्या कूपनाची मुदत पाळावी. ज्या वृद्धाकडे स्मार्टफोन नाही, त्याला तीच वस्तू महाग पडू नये, हेही त्याने पाहिले पाहिजे. केवळ डिजिटल असलेली सूट कागदावरही उपलब्ध व्हावी, यासाठी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहराने 2025 मध्ये नियम केला, तो याच जाणिवेतून.

तर मग करावे काय? चूक लक्षात आली, तर रोखपालाला सांगावे. ‘राहू द्या’ असे म्हणण्याचा ज्याला अधिकार आहे, त्याने जाणूनबुजून सूट दिली, तर तो डॉलर निःशंकपणे तुमचा. नियम ठाऊकच नव्हता, तर अजाणतेपणाची पकड नाही. परंतु कळल्यावर मौन राखणे हा अजाणतेपणा नव्हे.

आपल्याकडे कूपनांऐवजी कॅशबॅक आणि प्रोमो कोड आहेत. ‘पहिल्या खरेदीवर सूट’ मिळावी म्हणून घरातील प्रत्येक सिमकार्डावर नवे खाते उघडले जाते, आणि शेजारी बसलेले मूल ते पाहत असते. त्या मुलाने काय शिकावे, याचा विचार आजच्या खरेदीपासूनच करा. बिलाचा कागद उद्या फेकला जाईल. परंतु आपल्या कर्मांची नोंद मात्र जशीच्या तशी आपल्यासमोर ठेवली जाणार आहे.