न खेळण्याचे पैसे

फेब्रुवारी २०१५ मध्ये बास्केटबॉलपटू डायना टॉरासीने जाहीर केलं की, येत्या उन्हाळ्यात ती अमेरिकेत खेळणार नाही. दुखापत नव्हती, कुणाशी बिनसलंही नव्हतं. उलट आदल्याच वर्षी तिच्या फीनिक्स मर्क्युरी संघाने डब्ल्यूएनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद मिळवलं होतं आणि अंतिम मालिकेची सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली होती. कारण साधं होतं. येकातेरिनबर्गचा यूएमएमसी हा रशियन संघ हिवाळ्यात खेळण्यासाठी तिला सुमारे १५ लाख डॉलर देत होता. ताज्या अंगाने तिने परत यावं म्हणून उन्हाळ्यात बुडणारा अमेरिकेतला पगारही त्याच संघाने भरून द्यायचं ठरवलं. हा पगार असा कितीसा? त्या वेळी लीगची कमाल मर्यादाच १,०७,००० डॉलरच्या आसपास होती, आणि टॉरासीला त्याहून थोडं कमीच मिळत होतं. वर्षाला दोन पिकं घेणारा शेतकरी कधीतरी एका हंगामापुरती जमीन पड ठेवतो. इथे जमीन पड ठेवण्याचे पैसे दुसऱ्याच देशातून आले.

खेळाडूंच्या मानधनाचा विषय निघाला की ‘बाजार ठरवतो’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण इथे बाई तीच, हात तोच, तीन गुणांच्या रेषेमागून होणारा फेकही तोच. भाव मात्र एकीकडे १, तर दुसरीकडे १४. मग बाजाराने नेमकं काय ठरवलं? माझ्या मते काहीच नाही. व्यावसायिक महिला बास्केटबॉलपटूची कारकीर्द निदान वीस-पंचवीस वर्षं दोन टेकूंवर उभी होती. एक टेकू अजून घडतच असलेल्या बाजाराचा, दुसरा धनिकांच्या हौसेचा. या दोहोंमधली फट खेळाडूंनी आपल्या शरीराने भरून काढली, आणि तो खर्च कुठल्याही ताळेबंदात लागलेला नाही.

ही फट पडली ती वेळापत्रकामुळे. डब्ल्यूएनबीएची स्थापना १९९६ मध्ये झाली आणि पहिला सामना २१ जून १९९७ रोजी. महिना जूनच का? पुरुषांच्या एनबीएचा हंगाम संपला की मोठमोठी क्रीडागृहं उन्हाळाभर रिकामी राहतात, टीव्हीलाही कार्यक्रम हवे असतात. रिकाम्या घरात बायकांचा संसार मांडून दिला, म्हणा ना. पण बास्केटबॉलचा मूळ हंगाम हिवाळ्याचा, आणि युरोपातल्या लीग तेव्हाच चालतात. त्यामुळे अमेरिकेतला तुटपुंजा पगार घेऊन शरद ऋतूत रशिया, तुर्कस्तान नाहीतर इटली गाठायची आणि वसंतात परतायचं, ही रीत पडली. लीग जन्मण्यापूर्वी तर परदेशाखेरीज दुसरी वाटच नव्हती. सिंथिया कूपर दहा-अकरा वर्षं युरोपात खेळत राहिली आणि मायदेशात लीग निघाली तेव्हा ३४ वर्षांची होती. त्या वयात तिने पहिल्या दोन्ही हंगामांत सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवला. तिची ऐन उमेदीची वर्षं अमेरिकी प्रेक्षकांनी पाहिलीच नाहीत. टॉरासीचंही थोड्याफार फरकाने तेच झालं. २००४ ते २०२४ या काळातले तिचे १०,६४६ गुण हा लीगचा विक्रम आहे, पण त्यात मॉस्को, इस्तंबूल आणि येकातेरिनबर्गमधला एकही गुण धरलेला नाही. अर्धं आयुष्य जिथे घाम गाळला, त्याची नोंद दुसऱ्याच वहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: रशियात एवढे पैसे मिळत होते, मग रडगाणं कशाला? पण ते पैसे कुणाचे होते ते पाहावं. यूएमएमसी ही उरल भागातली तांब्याचं उत्पादन करणारी अवाढव्य कंपनी आहे. तिकिटं विकून ती टॉरासीचा पगार काढत नव्हती. त्याआधी टॉरासी ज्या स्पार्टाक संघात होती, त्याने २००७ ते २०१० अशी सलग चार वर्षं महिलांची युरोलीग जिंकली. त्याचा मालक शाब्ताई काल्मानोविच हा श्रीमंत व्यापारी नोव्हेंबर २००९ मध्ये मॉस्कोत भर रस्त्यात गाडीतच गोळ्या घालून मारला गेला. संस्थानिकांनी पैलवान पोसावेत, त्यातलाच हा प्रकार. आश्रयदाता उदार असेल तर मल्लाला दूधबदाम कमी पडत नाहीत, पण त्याची मर्जी फिरली, तो गेला किंवा राज्यावरच संकट आलं की आखाडा ओस पडतो. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी अमेरिकी बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्राइनरला मॉस्कोच्या विमानतळावर अटक झाली, तेव्हा ती याच यूएमएमसीकडे हंगामासाठी परतत होती. सामानात हशीशच्या तेलाची नळकांडी सापडली. ऑगस्टमध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबरमध्ये शस्त्रांचा व्यापारी व्हिक्टर बूट याच्या बदल्यात ती सुटली. चूक तिची होती, तिने ती कबूलही केली. पण तिच्या तोडीच्या पुरुष खेळाडूला अर्धं वर्ष पगारासाठी रशियात काढावं लागत नाही, एवढं तरी मान्य करावं लागेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लीग तोट्यात होती, एनबीए तिला पोसत होती. जिथे उत्पन्नच नाही तिथे वाटा कसला मागता? एनबीएचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी २०१८ मध्ये हा तोटा वर्षाला सरासरी १ कोटी डॉलरहून अधिक असल्याचं सांगितलं होतं. आकडा मोठा वाटतो. पण त्या वेळी एनबीएतल्या एकट्या स्टीफन करीचा वर्षाचा पगारच याच्या तिपटीहून अधिक होता. शिवाय एनबीएचे खेळाडू लीगच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा घेतात, तर महिलांच्या लीगमधला वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असल्याचं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. समान पगाराची मागणी कुणी शहाणी खेळाडू करत नव्हती. प्रश्न टक्केवारीचा होता. आणि बाळसं धरायला वेळ पुरुषांच्या लीगलाही लागलाच. १९४६ मध्ये सुरुवात करणाऱ्या ११ संघांपैकी आज तीनच शिल्लक आहेत. १९८० च्या अंतिम मालिकेचा निर्णायक सामनाही अमेरिकेच्या बहुतेक भागांत थेट न दाखवता रात्री उशिरा दाखवला गेला. ती लीग तेव्हा ३४ वर्षांची होती. ‘हा खेळ चालत नाही’ असा निकाल तेव्हा कुणी दिला नाही.

गरिबीची शिस्त किती विचित्र थराला जाते, याचा एक नमुना. २०२१ च्या हंगामात न्यूयॉर्क लिबर्टी या संघाच्या मालकांनी आपल्या खेळाडूंसाठी परस्पर खासगी विमानं ठरवली. सहा-साडेसहा फूट उंचीच्या बायकांनी सामन्याच्या दुसऱ्या दिवशी गुडघे मुडपून प्रवासी विमानाच्या मधल्या खुर्चीत बसू नये, एवढाच हेतू. लीगने संघाला ५ लाख डॉलर दंड ठोठावला, कारण एका संघाला असा फायदा मिळणं नियमाविरुद्ध होतं. बाकीच्या मालकांना परवडत नाही, तेव्हा ज्याला परवडतं त्यानेही खर्च करू नये! याला बाजार म्हणायचं असेल, तर हात बांधलेला बाजार म्हणावं लागेल. तीनच वर्षांनी, २०२४ मध्ये, लीगने स्वतःच सगळ्या संघांना खासगी विमानं दिली.

मधल्या काळात केटलिन क्लार्क आली, हे खरं. एप्रिल २०२४ मध्ये तिचा महाविद्यालयीन अंतिम सामना सुमारे १.८७ कोटी लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याला १.४८ कोटी प्रेक्षक लाभले. बायकांचा खेळ संथ, त्यात डंक नाहीत, म्हणून लोक पाहत नाहीत, हा सिद्धान्त त्या रात्री निकालात निघायला हवा होता. त्याच उन्हाळ्यात लीगने ११ वर्षांसाठी सुमारे २२० कोटी डॉलरचा प्रसारण करार केला, आणि क्लार्कचा पहिल्या वर्षाचा पगार होता ७६,५३५ डॉलर. इथे बाजारवादी म्हणतील, बघा, शेवटी बाजारानेच न्याय केला ना? अंशतः मान्य. पण प्रेक्षक आकाशातून पडत नाहीत. आपल्याकडचंच पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला क्रिकेट लीगच्या मुंबईतल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३.४० कोटींची बोली लागली. त्या दुपारी तिचा कव्हर ड्राइव्ह काही सुधारला नव्हता. बोली लावायला कुणीतरी टेबलाशी येऊन बसलं, एवढाच काय तो फरक. आणि ते टेबल मांडलं जाईपर्यंत बायका खेळत राहिल्या, म्हणून लिलावाला माल तरी होता.

१९ जुलै २०२५ रोजी इंडियानापोलिसच्या ऑल-स्टार सामन्याआधी दोन्ही संघांच्या खेळाडू सारखेच काळे टी-शर्ट घालून सरावाला उतरल्या. त्यावर पगारवाढीची मागणी नव्हती. आमचं जे देणं लागता ते चुकतं करा, अशा अर्थाचे शब्द होते. वाढ मागणारा पुढचं बोलतो, देणं मागणारा मागचं. टॉरासी त्यांच्यात नव्हती. वयाच्या ४२ व्या वर्षी, पाच महिन्यांपूर्वीच तिने निवृत्ती जाहीर केली होती.